थ्रेशरचं तोंड

“कागद मंग, सर. आधी लोखंड.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते वाशिमच्या जिल्हा कचेरीतल्या सभागृहात. बोलणारे गृहस्थ बसल्या जागीच वाकले, पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीत हात घातला आणि थ्रेशरच्या ड्रमचा एक झिजलेला लोखंडी दात काढून त्यांनी टेबलावर ठेवला. जरा जोरातच ठेवला. टेबलावर काच होती. तिला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेला. शिपायानं माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे पाहिलं, मॅडम काचेकडे पाहत होत्या. ते मात्र दाताकडेच पाहत होते.

“हा पाहा. आता याच्यावर बोला.”

सरकारी खातं, आमचं महाविद्यालय आणि जिल्ह्यातले लहानमोठे कारखानदार यांनी एकत्र बसून शेतीच्या अवजारांत काही नवं करावं, यासाठी नेमलेल्या समितीची ती पहिली बैठक होती. मी कृषी अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून मला सचिव केलं होतं. सचिव म्हणजे पत्रं पाठवायची, माणसं गोळा करायची आणि चहाला सांगायचं. अध्यक्ष होत्या जिल्हा प्रशासनातल्या एक अधिकारी. सगळे त्यांना मॅडमच म्हणत. आणि या गृहस्थांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

भाऊंचं वर्कशॉप रिसोड रस्त्याला होतं. साठी ओलांडलेली, उंच बांधा, आवाज असा की ग्राइंडर चालू असतानाही ऐकू यावा. त्यांच्या प्रत्येक शर्टाला वेल्डिंगच्या ठिणग्यांनी बारीक बारीक भोकं पडलेली असत. लग्नाकार्याचा म्हणून राखलेला एक शर्ट होता, त्यालाही होती. निघता निघता “एवढा एक टाका मारून जातो” म्हणून ते वर्कशॉपमध्ये शिरत आणि नव्या शर्टाचं काम होऊन जाई. त्यांच्या थ्रेशरमध्ये दाणा फुटत नाही, असं केनवडपासून मालेगावपर्यंत शेतकरी सांगत. मशीनच्या अंगावर पिवळ्या अक्षरांत त्यांचं आडनाव असे. ती अक्षरं रंगवायला भाऊ दुसऱ्या कोणाला देत नसत.

तुम्ही चालू थ्रेशरजवळ कधी उभे राहिला असाल, तर बाकी मी सांगायला नको. ट्रॅक्टरचा धडधडाट, पट्ट्याची फडफड, ड्रमची घरघर. शेजारी सोयाबीनची गंजी. गंजीवरची माणसं कवेनं माल खाली देतात आणि तोंडाशी उभं असलेलं माणूस तो आत ढकलतं. खालून दाणे पडतात, मागून कुटार उडतं आणि ते बारीक भुसकट डोळ्यांत, नाकात, घामावर बसतं. तोंडाशी उभं राहण्याचं काम सगळ्यात वाईट. म्हणून ते बहुतेक वेळा मजूर बाईच्या वाट्याला येतं.

त्या बैठकीत सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर आले होते. मॅडमनी मुद्दाम बोलावलं होतं. ते फारसं बोलले नाहीत. “सोयाबीनच्या हंगामात आमच्याकडे हात येतात,” एवढंच म्हणाले. “कोणाचा मनगटापासून, कोणाचा कोपरापासून. शिवण्यासारखं क्वचितच काही उरलेलं असतं.”

भाऊंनी मान वर केली.

“मशीन कोनाचं राह्यते?”

“ते आम्ही विचारत नाही.”

“तेच तं म्हनतो. इचारा. अन् हेही इचारा का मानसाचं ध्यान कुठी होतं. मशीन कोनाले बलावते काय, ये अन् हात घाल म्हनून?”

“भाऊ, दोष कोणाचा हे ठरवायला आपण बसलो नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मंग कायले बसलो?”

ते उठले आणि निघून गेले. दात टेबलावरच राहिला.

तो परत द्यायचं निमित्त करून मी दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या वर्कशॉपवर गेलो. मला वाटलं होतं, हाकलून देतील. पण त्यांनी चहा मागवला, बसायला एका उलट्या टोपल्यावर पोतं टाकून दिलं आणि माझ्याशी अगदी शांतपणे बोलले.

“तोंड लांब करून हात ड्रमपासून दूर ठेवाले मले येत नाई असं नाई, सर. लांब केलं का माल कमी जाते. माल कमी गेला का गिऱ्हाईक कारंज्याचं मशीन घेते. ते कारंजेवाला माह्याच मशीनची नक्कल करते, अन् तोंड माह्याहून आखूड ठेवते. आता सांगा, मी काय करू?”

कारंज्याचे ते कारखानदार एके काळी भाऊंच्याच हाताखाली शिकलेले. कुठल्या तरी लग्नात दोघांची बाचाबाची झाली होती, तेव्हापासून बोलणं बंद. एखादं गिऱ्हाईक कारंज्याचं नाव घेई, तेव्हा भाऊ ग्राइंडर सुरू करत.

मला त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. एकट्यानं सुधारणा करायची तर धंदा बुडतो, आणि सगळ्यांनी मिळून करायची तर सगळ्यांना एकत्र बसवणार कोण? समिती त्याचसाठी होती, पण समितीतून तर ते उठून गेले होते.

त्याच हंगामात केनवडच्या बाजूला सुमनबाई नावाच्या मजूर बाईचा हात गेला.

मॅडमचा मला फोन आला. “मशीन भाऊंचं आहे, त्यांनी ते बंद करून ठेवायला लावलंय. तुम्ही जाऊन पाहून या. आणि आधी दवाखान्यात जा, ते तिथेच बसलेत म्हणे.”

भाऊ वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसले होते. गुडघ्यांवर दोन्ही हात उघडे ठेवून. मला पाहून म्हणाले, “नाव माहं हाय, सर, त्याच्यावर.”

उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला होता. सुमनबाई आत गुंगीत होती. तिचा नवरा बाहेर आला. वाळलेला माणूस, केसांत आणि कानांत अजून कुटाराची धूळ. मला वाटलं आता हा भाऊंची गचांडी धरेल. भाऊंनाही तसंच वाटलं असावं, कारण ते उठून त्याच्यासमोर उभे राहिले आणि हात खाली सोडले.

तो म्हणाला, “भाऊ, मशीन कवा सोडता?”

भाऊंना कळलंच नाही.

“अर्धी गंजी राह्यली. आभाय भरून येऊन राह्यलं. गुत्ता आमी घेतला व्हता, काम आमच्या अंगावर हाय. वावरवाला सकायपासून फोन करून राह्यला. तुमच्या बाईपायी माहं सोयाबीन भिजन म्हनते.”

भाऊ त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, आणि मधूनच हात मागे घेतला.

“उद्या काढून देतो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मीच गेलो. मशीन धुतलेलं होतं. गंजीवर ताडपत्री होती. गुत्त्यातले, म्हणजे ठेक्यानं काम घेतलेले बाकीचे मजूर बांधावर बसले होते, मशीनजवळ यायला कोणी तयार नव्हतं. भाऊंनी ताडपत्री ओढली, ट्रॅक्टरवाल्याला खूण केली आणि स्वतः तोंडाशी जाऊन उभे राहिले.

“भाऊ, तुम्ही नका,” मी म्हणालो.

“मंग कोन?”

ते मशीन त्यांनी बनवलं होतं, शेकडो वेळा उघडून जोडलं होतं. पण हंगामात, भर उन्हात, दिवसभर त्याच्या तोंडाशी उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पहिला काही वेळ त्यांचा हात झपाझप चालला. ते पाहून दोघं मजूर उठले आणि गंजीवर चढले. मग ऊन वाढलं. भाऊंनी डोळे पुसायला सुरुवात केली. माल एकमेकांत गुंतलेला होता, एक कवळ ढकलली की मागची ओढली जाई. ते तोंडावर वाकत चालले होते, हे त्यांना कळत नव्हतं. मला दिसत होतं. मी ओरडलो, पण त्या आवाजात काय ऐकू जाणार?

मनगटाभोवती गुंतलेल्या काडीनं एकदम ओढ घेतली. भाऊंनी सगळ्या अंगाचा झटका देऊन हात मागे घेतला. हात आला. बाहीचं बटण आणि कफाचा तुकडा आत गेला.

ट्रॅक्टर थांबला. ते तिथेच उभे राहून फाटक्या बाहीकडे पाहत होते. गंजीवरची माणसं पाहत होती. मग त्यांनी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि पुन्हा खूण केली. दिवस मावळेपर्यंत गंजी संपली.

परतताना गाडीत त्यांनी एकदाच तोंड उघडलं.

“सर, कोनी हात घालत नाई. हात जाते.”

नंतर ते आमच्या महाविद्यालयात आले. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “काढा तुमचा कागद.”

पुढचे कित्येक महिने आम्ही त्या एका तोंडावर घालवले. काम साधं दिसतं. माल सरकवायचा पत्र्याचा उतार इतका लांब आणि वरून इतका झाकलेला हवा, की आत घातलेला हात ड्रमपर्यंत पोहोचणार नाही. मी ते कागदावर काढलं. भाऊंनी चौथ्या दिवशी ते पत्र्यात उभं केलं आणि लांबून पाहून म्हणाले, “हत्ती झाला, सर.” हत्तीची सोंड शेतात नेली तर माल सोंडेतच अडकून बसला. एका मजुरानं काठी घेतली, काठीनं जमेना तेव्हा पाना घेतला आणि वरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. म्हणजे होतं तसंच झालं.

मग भाऊंनी त्यांच्या अकलेनं उतार तीव्र केला. त्याचं नाव पडलं बेडूक. बेडकातून माल धाडकन आत जाई, पण सगळी धूळ उलटी तोंडावर येई. तोंडाशी उभ्या असलेल्या भाऊंचा चेहरा पाहून मी हसलो, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच तेही हसले.

डॉक्टर एका रविवारी आले. हातात शिंप्याकडे असते तशी टेप. ते मशीनकडे गेलेच नाहीत. शेतातल्या बायांना त्यांनी विचारलं, उभं कसं राहता ते दाखवा. बायांनी एक मोठा दगड आणून तोंडाशी ठेवला आणि त्यावर चढून, पुढे झुकून दाखवलं. मी आणि भाऊंनी एकमेकांकडे पाहिलं. आम्ही दोघंही आपापल्या उंचीवर मशीन बनवत होतो. उंचीला न पुरणारी बाई दगडावर चढते, दगड डुगडुगतो, तोल पुढेच जातो. डॉक्टर म्हणाले, “मी आजवर जे हात पाहिले, त्यातले पुष्कळ असे पडता पडता गेले असतील. मला तरी हे आजच कळतंय.” त्यानंतर तोंडाची उंची खाली आली आणि त्याखाली मशीनला जोडलेली उभं राहायची पायरी आली.

तरी मशीन तयार झालं, असं भाऊ म्हणेनात. “ते आल्याबिगर नाई,” म्हणत.

ते म्हणजे सुमनबाई. भाऊ मला घेऊन तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. मॅडमनी खटपट करून शिबिरातून तिला कृत्रिम हात मिळवून दिला होता. तो तिनं पेटीत ठेवला होता. लग्नाकार्याला लावते, म्हणाली. एरवी त्याचा काही उपयोग नाही. डाव्या हातानं ती तांदूळ निवडत होती.

“जय भीम, बाई,” भाऊ दारातूनच म्हणाले.

“जय भीम. बसा.”

भाऊंनी येण्याचं कारण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. “मी नाई येत त्या मशीनजोळ,” ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. आम्ही पाणी पिऊन परत आलो. भाऊंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

काही दिवसांनी ती आपणहून आली, नवऱ्याला घेऊन. महाविद्यालयाच्या शेतात मशीन उभं होतं. ती बऱ्याच अंतरावर थांबली. म्हणाली, आधी बंद असू द्या. मग जवळ आली, पायरीवर चढली आणि डावा हात त्या झाकलेल्या उतारात खांद्यापर्यंत घातला. बोटं चाचपत राहिली. ड्रम लागला नाही. तिनं हात काढला आणि भाऊंना म्हणाली, “आता तुमी घाला. तुमी उंच हा.” भाऊंनी घातला. गाल पत्र्याला टेकेपर्यंत घातला. त्यांचीही बोटं पोहोचली नाहीत.

“चालू करा,” ती म्हणाली.

तिनं डाव्या हातानं एकच कवळ आत सरकवली. ती आपसूक ओढली गेली आणि खालून दाणे पडले. सुमनबाई पायरीवरून उतरली. भाऊ दोन पावलं तिच्यामागून गेले.

“बाई, तुमी मले कवा काई बोल्ल्या नाई.”

“बोलून काय होते, भाऊ? हात येते काय?”

भाऊंनी मान हलवली. त्यांनी माफी मागितली नाही आणि तिनं दिली नाही. मला वाटतं, दोघांनाही तो विषय तेवढ्यावरच ठेवायचा होता.

त्यानंतरची बैठक मला चांगली आठवते. टेबलावर नवी काच होती. आमच्या प्राचार्यांना या रचनेचं पेटंट महाविद्यालयाच्या नावे हवं होतं. बाहेरच्या एका कंपनीचा माणूस आला होता. रचना आम्हालाच द्या, बनवायचं काम भाऊंकडेच ठेवू, असं त्याचं म्हणणं होतं. मॅडमच्या मनात एखादा मोठा कार्यक्रम होता, आणि त्यात काही चूक नव्हतं. चांगलं काम लोकांसमोर यावं, असं कोणालाही वाटेल. सगळ्यांचं बोलून झालं. मॅडमनी भाऊंना विचारलं, तुमचं काय म्हणणं?

“कारंज्याले द्या.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“कारंज्याले, मालेगावले, मानोऱ्याले. जो कोनी थ्रेशर बनवते त्याले द्या.”

“पण भाऊ, यात तुमचं एवढं लोखंड गेलंय, वेळ गेलाय,” मी म्हणालो. “तुमची मशीनं चांगली झाली, आता लोक तुमचंच मशीन घेतील. हेच तर तुम्हाला हवं होतं.”

“सर, माह्या मशीनीवर बाई आता नीट उभी राहीन. कारंजेवाल्याच्या मशीनीवर कोन उभं राह्यते? ते बी बाईच हाय ना.”

कंपनीचा माणूस हसला. दुसरं कोणी हसलं नाही. प्राचार्य थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले आणि मग म्हणाले, “नाव महाविद्यालयाचं राहू द्या. वापर कोणीही करावा, असं लिहून देऊ.”

“नाव टाका ना,” भाऊ म्हणाले. “मले नाव कायले पायजे? नाव पाह्यलं मी माहं, दवाखान्यात.”

कारंज्याला ते स्वतः गेले. टेम्पोत एक तयार तोंड टाकलं आणि मला बरोबर घेतलं. कारंजेवाले दारातच उभे होते. कोणीतरी आधीच बातमी दिली असणार.

“पाह्याले आले काय माहं मशीन?” त्यांनी विचारलं.

“नाई. द्याले आलो.”

“भाव?”

“भाव नाई. लावून पाह्य.”

कारंजेवाल्यांनी टेम्पोत डोकावून पाहिलं आणि बाजूला होऊन टेम्पो आत घेतला. मग मी एका जुन्या टायरावर बसून राहिलो आणि ही दोन म्हातारी माणसं मशीनखाली गुडघे टेकून एकमेकांवर ओरडत राहिली. उतार जास्त आहे, पत्रा पातळ आहे, पायरी उलट्या बाजूला हवी. मधेच कारंजेवाले बाहेर आले आणि म्हणाले, “भाऊ, एक सांगू? तुमी हे बोल्टनं लावलं. बोल्ट ठेवसान तं लोकं काढून फेकतीन. वेल्डिंग मारा. मशीन मेलं तरी तोंड निघाले नाई पायजे.”

भाऊंनी कपाळावर हात मारला. “लेका, हे माह्या ध्यानात काहून आलं नाई?”

त्या दुपारी आम्ही तिथेच बेसन-भाकर खाल्ली. लग्नातल्या भांडणाचा विषय कोणी काढला नाही.

पुढचं काम मॅडमचं होतं, आणि ते त्यांनी चोख केलं. खात्यामार्फत ज्या शेतकरी गटांना अवजारं मिळतात, त्यांच्या थ्रेशरला हे तोंड असलंच पाहिजे, अशी अट त्यांनी घातली. रिसोड, मालेगाव, कामरगावचे वर्कशॉपवाले आमच्या महाविद्यालयाच्या शेडमध्ये येऊन ते शिकून गेले. शिकवायला भाऊ असत. समोर बसलेल्या सगळ्यांना ते आधी पत्रा कापायला लावत, नकाशा शेवटी दाखवत.

मग मॅडमची बदली झाली. नवे साहेब चांगले होते, पण त्यांच्या मागे दुसरी कामं होती. बैठका लांबत गेल्या आणि एका हंगामानंतर कोणी बोलावेनासं झालं. समिती बंद झाली असं कोणी म्हणालं नाही. भाऊ मात्र जिल्हा कचेरीत जाऊन विचारत, “मीटिंग कवा हाय?” शिपाई त्यांना पाणी देई आणि बसवून घेई.

एव्हाना त्यांना धाप लागायला लागली होती. आयुष्यभराचा वेल्डिंगचा धूर छातीत बसलेला. डॉक्टरांनी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हापासून ते वर्कशॉपच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. मी गेलो की मोठ्यानं बोलायला जात आणि खोकल्यानं अडखळत. तो आवाज तसा झालेला मला ऐकवत नसे.

शेवटचा भेटलो तेव्हा त्यांनी मला कुट्टीच्या मशीनबद्दल सांगितलं. गुराढोरांचा चारा कापायचं साधं घरगुती मशीन.

“त्याच्यात लेकरायचे बोटं जाते, सर. आई कुट्टी करते, लेकरू बाजूले खेयते. आपन तिकडं पाह्यलंच नाई.” थोडा दम घेऊन म्हणाले, “डॉक्टरले घ्या संगं. कारंजेवाल्याले घ्या. म्याडम कुठी असतीन तिथून त्यायले फोन लावा. एकट्यानं होत नाई ते.”

मी हो म्हणालो.

थंडी सरत असताना, तुरीच्या हंगामात ते गेले. कारंजेवाले पहाटेच येऊन पोहोचले होते आणि तिरडीच्या पुढच्या बाजूला शेवटपर्यंत त्यांचा खांदा होता. मॅडमचा फोन आला. तिसऱ्या दिवशी सुमनबाई नवऱ्यासोबत आली. भाऊंच्या पत्नीजवळ जमिनीवर बसली. निघताना भाऊंच्या पत्नीनं तिचा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, “जेवून आली का वं?”

कुट्टीच्या मशीनचं काम अजून झालेलं नाही. डॉक्टरांशी बोललो आहे, कारंज्याला जाऊन आलो आहे, नव्या साहेबांना पत्र दिलं आहे. भाऊ असते तर एव्हाना लोखंड कापलं गेलं असतं. माझ्यानं माणसं अजून एका ठिकाणी बसत नाहीत.

या हंगामात मी शिरपूरला निघालो होतो. रस्त्यालगतच्या वावरात थ्रेशर चालू होता. मी मोटारसायकल उभी केली. मशीन कुठल्या तरी नव्या वर्कशॉपचं होतं, ओळखीचं आडनाव त्यावर नव्हतं. पण तोंड लांब होतं, वरून झाकलेलं, खाली पायरी. वेल्डिंग केलेलं. पायरीवर एक तरुण बाई ताठ उभी राहून माल सरकवत होती. बांधावर बसून ट्रॅक्टरवाला तंबाखू मळत होता, त्याला मी विचारलं, हे तोंड असं कोणी बसवून दिलं?

त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

“बसवून कोन देते? थ्रेशरले असतेच ना ते.”

वारा फिरला आणि कुटाराचा लोट सरळ माझ्यावर आला. मी डोळे चोळत तिथेच उभा राहिलो. पायरीवरच्या बाईनं ते पाहिलं, क्षणभर काम थांबवलं आणि ट्रॅक्टरच्या आवाजावरून ओरडली, “ओ काका, गाडी बाजूले घ्या, कुटार उडून राह्यलं!” आणि मला ऐकू गेलं नसेल असं वाटून, दोन्ही हात डोक्यावर उंच करून, मला मागे सरायची खूण करत राहिली.